घड्याळ लावून कथा-कादंबरी लिहायची तर: महिन्याचं चॅलेंज आणि ४८ तासांचं

कथा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अर्धवट सुरुवाती पडून असतात. पहिलं पान दहादा सुधारलेलं आणि दुसरं पान नाहीच. वेळेचं बंधन असलेली चॅलेंजेस या दुखण्यावर खरंच काम करतात, कारण लिहिणं आणि सुधारणं ही दोन कामं आपण एकाच वेळी करत बसतो आणि समोर घड्याळ असलं की ती करता येत नाहीत, एकच करावं लागतं. म्हणून खाली जे काही सांगतेय त्या सगळ्याचा पाया एवढाच धरा की टायमर चालू असताना मागे जायचं नाही. वाक्य वाईट आलं, राहू दे. पात्राचं नाव आठवत नाही, तीन फुल्या (***) मारा आणि पुढे चला, नंतर फाइलमध्ये * शोधलं की अशा सगळ्या जागा एका झटक्यात सापडतात.

चॅलेंजेस ढोबळमानाने दोन जातीची असतात. एक लांब पल्ल्याची, महिनाभर रोज लिहून कादंबरीचा खर्डा पूर्ण करायचा. दुसरी छोटी, एक-दोन दिवसांत विषय मिळणार आणि त्यावर कथा लिहून पाठवायची. दोन्हींची तयारी पूर्ण वेगळी आहे, त्यामुळे आधी कुठलं करायचं ते ठरवा. आजवर एकही कथा पूर्ण केली नसेल तर माझा सल्ला छोट्यापासून सुरू करायचा. शेवट लिहिण्याचा अनुभव एकदा यावा लागतो, तो महिन्याच्या चॅलेंजमध्ये फार उशिरा येतो आणि बरेच जण तिथवर पोचतच नाहीत.

महिन्याचं चॅलेंज

यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे नॅनोरायमो, 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ'चं छोटं रूप, म्हणजे कादंबरी लिहायचा महिना. १९९९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को भागात ख्रिस बेटी आणि त्याचे दोस्त अशा २१ जणांनी ते सुरू केलं, पुढच्या वर्षी ते नोव्हेंबरमध्ये नेलं आणि मग जगभर पसरलं. नियम सोपा, ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. ते चालवणाऱ्या संस्थेने ३१ मार्च २०२५ ला बंद होत असल्याचं जाहीर केलं, पण चॅलेंज करायला संस्था लागत नाही. एक महिना, एक आकडा आणि हिशेब विचारणारी एक-दोन माणसं एवढं पुरतं. मी तर म्हणेन आता आपल्याला आपला महिना आणि आपला आकडा निवडायची उलट जास्त मोकळीक आहे.

आकड्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मराठीत लिहिणारे इथेच फसतात. ५०,००० हा आकडा इंग्रजीचा आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला शब्द कमी लागतात. 'ती घराच्या मागच्या दारातून बाहेर पडली' हे सहा शब्द आहेत, हेच इंग्रजीत साधेपणाने लिहिलं तर दहाच्या आसपास जातात. म्हणजे मराठीत ५०,००० लिहायला निघालात तर इंग्रजीवाल्यापेक्षा बरीच मोठी कादंबरी लिहिताय, आणि वर मराठी टायपिंगचा स्पीड बहुतेकांचा कमी. मग दहाव्या दिवशी मागे पडल्यासारखं वाटतं आणि माणूस सोडून देतो. त्यापेक्षा ३६,००० धरा. रोजचे १,२०० होतात, सहा दिवस सुट्टीचे काढले तर उरलेल्या २४ दिवसांत रोज १,५००. हा आकडा दमवणारा आहे पण नोकरी-घर सांभाळून जमणारा आहे.

सुट्टीचे दिवस आधीच कॅलेंडरवर खोडून ठेवा, हे फार महत्त्वाचं. नोव्हेंबरमध्येच करायचं असा हट्ट असेल तर दिवाळी कधी येते ते बघा, २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पहिले दोन आठवडे साफसफाई, फराळ, पाहुणे, भाऊबीज यातच जाणार, आणि ज्या घरात हे सगळं बाईच्याच अंगावर पडतं तिथे तर लिहायला बसणं अशक्यच. मला विचाराल तर मराठी लेखकासाठी मे किंवा जून बरा. शाळेला सुट्टी म्हणजे मुलं घरात हे खरं, पण मे-जूनचा एक मोठा फायदा आहे तो शेवटी सांगते.

महिना सुरू व्हायच्या आधी आपला वेग मोजून घ्या. वीस मिनिटांचा टायमर लावायचा, समोर काहीही प्रसंग घ्यायचा, समजा दोन बहिणी वडिलांचं कपाट आवरतायत, आणि थांबायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन वेळा करा, एकदा सकाळी एकदा रात्री, म्हणजे आपली वेळ कुठली तेही कळतं. समजा वीस मिनिटांत २५० शब्द झाले, तर १,२०० साठी अशा पाच बैठका लागतील. अशा एका बैठकीला स्प्रिंट म्हणतात. पाचही एका दमात करायची गरज नाही, दोन सकाळी चहाच्या आधी, एक लोकलमध्ये बसायला मिळालं तर, दोन रात्री. लोकलमध्ये उभं राहून लिहायचा अट्टहास नको, त्या वेळात पुढच्या प्रसंगात कोण काय बोलणार एवढंच मनात फिरवा, बसल्यावर हात भराभर चालतो.

कशावर लिहायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. फोनवर फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारा) वापरत असाल तर तोच ठेवा, चॅलेंजच्या महिन्यात नवीन कीबोर्ड शिकायला जाऊ नका, इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, शिकायचं असेल तर दोन महिने आधी. बोलून टाइप करणं मराठीत आता बऱ्यापैकी चालतं आणि संवाद त्यात झकास येतात, माणूस खरंच बोलल्यासारखा बोलतो, पण विरामचिन्हं मात्र हवी तशी पडत नाहीत, सगळी वाक्यं एकमेकांत घुसतात, त्यामुळे प्रत्येक स्प्रिंट संपल्यावर पाच मिनिटं नुसते पूर्णविराम आणि परिच्छेद टाकायला ठेवा, नाहीतर महिन्याने आपलंच लिहिलेलं आपल्याला कळत नाही. वहीत लिहिणाऱ्यांनी एका पानावर सरासरी किती शब्द बसतात ते दोन-तीन पानं मोजून काढा आणि मग फक्त पानं मोजा. आणि रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो काढा. फाइल असेल तर स्वतःलाच मेल करा.

कथानकाची तयारी किती करायची यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की सगळं ठरवू नका, पण काहीच न ठरवता बसूही नका. एका कागदावर एवढंच हवं: मुख्य पात्राला काय पाहिजे, ते मिळवायच्या आड कोण किंवा काय येतंय, आणि मिळालं नाही तर त्याचं काय जाईल. याच्या खाली वीस-पंचवीस प्रसंग एका ओळीत एक असे लिहा. 'सुनंदा बँकेत जाते आणि खात्यात पैसे नाहीत' एवढं पुरे. शेवट धूसर असला तरी चालेल, पण दिशा हवी. रोज सकाळी यादी बघायची आणि त्यातला जो प्रसंग डोळ्यासमोर स्वच्छ दिसतोय तो लिहायचा, क्रमाने लिहिलंच पाहिजे असं काही नाही. गावाकडचं लग्न दिसतंय आणि मधली कोर्टकचेरी दिसत नाहीये, तर लग्न लिहा.

दुसरा आठवडा अवघड जातो. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो, शेवट अजून लांब असतो, आणि पात्रं खिडकीत बसून विचार करायला लागतात. पात्र पानभर विचार करतंय असं दिसलं की समजा आपल्याला पुढचं माहीत नाही. तेव्हा मी दोन गोष्टी करून बघायला सांगते. एक, ज्या दोन पात्रांची अजून गाठच पडली नाही त्यांना एका खोलीत आणा आणि दार लागू दे, म्हणजे पाऊस, बंद पडलेली लिफ्ट, दवाखान्याची रांग, काहीही. दोन, कोणालातरी खोटं बोलायला लावा. एकदा एक पात्र खोटं बोललं की ते लपवणं, ते कळणं, त्यावरून भांडण असे तीन प्रसंग आपोआप समोर येतात. याने कथानक वेडंवाकडं जाईल, जाऊ दे, तो पुढच्या खर्ड्याचा प्रश्न आहे.

दिवसाचा आकडा पूर्ण झाला आणि प्रसंग अर्धवट असेल तर तिथेच थांबा, शक्यतो वाक्याच्या मध्येच. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही. आणि एखाद दिवस शून्य शब्द झाले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, राहिलेले शब्द उरलेल्या सगळ्या दिवसांत वाटून टाका. १,२०० वीस दिवसांत वाटले की रोजचे फक्त ६० वाढतात. दुप्पट करायला गेलं की तो दिवसही जातो आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

घरच्यांना आधी सांगा. लपून लिहिणं महिनाभर जमत नाही. 'आई, रात्री साडेनऊ ते साडेदहा मला हाक मारू नकोस, फोन आला तरी नंतर सांग' असं स्पष्ट आणि प्रेमाने सांगितलं की बहुतेक घरात चालतं, आणि काय लिहितेयस दाखव असं कोणी म्हणालं तर महिना संपेपर्यंत दाखवू नका. अर्ध्या खर्ड्यावर आलेलं एक साधं 'छान आहे पण' सुद्धा हात थांबवतं.

४८ तासांचं चॅलेंज

इथे मी एनवायसी मिडनाइट या लेखनस्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या फ्लॅश फिक्शन (अगदी छोट्या कथांच्या) चॅलेंजचं उदाहरण घेते, त्याची रचना शिकण्यासारखी आहे आणि तीच रचना घेऊन तुम्ही मित्रांमध्ये मराठीतही खेळू शकता. भाग घेणाऱ्यांचे गट पाडतात, प्रत्येक गटाला तीन गोष्टी देतात, कथेचा प्रकार, ठिकाण आणि एक वस्तू, आणि ४८ तासांत १,००० शब्दांच्या आत कथा. ठिकाण हे कथेचं मुख्य ठिकाण असावं लागतं, आणि वस्तू प्रत्यक्ष दिसली पाहिजे, नुसता उल्लेख चालत नाही. फी डॉलरमध्ये असते, लवकर नाव नोंदवलं तर कमी पडते, आणि आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते शेवटच्या दिवशी बघण्यापेक्षा आधीच बघा. कथा इंग्रजीत द्यावी लागते, पण परीक्षक प्रत्येक कथेवर लिहून अभिप्राय देतात आणि मला तरी पैसे त्याचे वाटतात.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. विषय शुक्रवारी रात्री ११:५९ ला न्यूयॉर्कच्या वेळेने येतात. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे शनिवार सकाळचे ९:२९, नसेल तर १०:२९. मुदत संपते रविवारी रात्री ११:५९ ला, म्हणजे आपली सोमवार सकाळ. पुणे-मुंबईतल्या माणसासाठी ही वेळ खरंतर फार सोयीची आहे, पूर्ण शनिवार-रविवार हातात मिळतो. पण सोमवार सकाळ धरू नका. कथा रविवारी रात्री झोपायच्या आधी अपलोड झालेली हवी, लाइट जाणं, नेट जाणं, फाइल न चढणं हे सगळं नेमकं सोमवारी सकाळी होतं.

विषय आल्यावर पहिले दोन तास कथा लिहायची नाही. हे ऐकायला उलटं वाटतं पण गटातल्या सगळ्यांना तेच तीन शब्द मिळालेत हे लक्षात ठेवा, आणि तुम्हाला पहिल्यांदा जे सुचलं ते निम्म्या गटाला सुचलेलं असणार. म्हणून कागदावर दहा कल्पना लिहा आणि पहिल्या तीन खोडून टाका.

समजा सरावासाठी असं मिळालं: भयकथा, लाँड्री, टॉर्च. पहिल्या कल्पना काय येतील? मशीनमध्ये रक्ताचे कपडे. रात्री एकटी मुलगी आणि मागे कोणीतरी. भुताटकीचं मशीन. हे खोडा. मग जरा आपल्याकडची लाँड्री डोळ्यासमोर आणा, रस्त्याकडेचं छोटं दुकान, लाकडी काउंटर, मागे गठ्ठे, पिवळ्या पावत्या, कोळशाच्या इस्त्रीचा वास, महिनोन्महिने कोणी न नेलेले कपडे. आता लाइट गेलेत आणि एक बाई टॉर्च घेऊन पावती दाखवते. पावती दुकानदाराच्या वडिलांच्या अक्षरात आहे, वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आणि पावतीवर तारीख आजची आहे. ठिकाण, वस्तू, भीती तिन्ही एका क्षणात बसले, आणि पुढे काय हे आपल्यालाही जाणून घ्यावंसं वाटतंय. अशी कल्पना सहाव्या-सातव्या नंबरला येते. ठिकाण परक्या शब्दात आलं असलं तरी कथा आपल्या गल्लीत न्यायला कोणी मनाई केलेली नाही, उलट वाचणाऱ्याला ते ताजं वाटतं.

कल्पना ठरली की १,००० शब्दांचं माप लक्षात ठेवा. दोन पात्रं, फार तर तीन. एक जागा. एक निर्णय, जो घेतल्यावर मागे फिरता येत नाही. बालपण, आजोबांचा वाडा, नात्यागोत्याची ओळख याला जागा नाही. वरच्या कथेत लाइट जाण्यापासूनही सुरू करू नका, टॉर्चचा उजेड पावतीवर पडलाय तिथूनच सुरू करा. आणि दुकानदारासमोर प्रश्न ठेवा, कपडे द्यायचे की दार लावून घ्यायचं. भयकथा असली तरी निर्णय पात्राचाच हवा, नुसतं काहीतरी होत गेलं तर शेवट पोकळ लागतो.

शनिवार दुपारी एका बैठकीत पूर्ण लिहून काढा, चौदाशे-पंधराशे शब्द झाले तरी हरकत नाही. मग बंद करा. जेवा, बाहेर फिरून या, रात्री नीट झोपा. जागरण करून लिहिलेल्या कथेचा शेवट घाईत उरकलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो लगेच कळतो. रविवारी सकाळी मोठ्याने वाचा, ज्या वाक्याला जीभ अडखळते ते बदला. मग कापायला घ्या. पहिला परिच्छेद पूर्ण झाकून बघा, पुष्कळदा कथा दुसऱ्या परिच्छेदातूनच सुरू होते. विशेषणं, 'अचानक', 'जणू', 'तिला जाणवलं की' ही सगळी काढा. संवादात नमस्कार-चहापाणी काढा. शेवटी कथेचा अर्थ समजावणारी ओळ असेल तर ती नक्की काढा.

दुपारी एका माणसाला वाचायला द्या, पण 'कशी वाटली' विचारू नका, तीन प्रश्न विचारा: कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, शेवटी काय झालं असं तुला वाटतं? तिसऱ्याचं उत्तर तुमच्या मनातल्या शेवटाशी जुळलं नाही तर शेवटाच्या आधी एक खूण कमी पडलीय, ती टाका. मग संध्याकाळी नियम पुन्हा वाचा, शब्दसंख्या, फाइलचा प्रकार, नाव कुठे लिहायचं आणि कुठे लिहायचं नाही, आणि पाठवून टाका. १,००० म्हणजे १,०००. एक शब्द जास्त झाला म्हणून बाद होणं यासारखं वाईट काही नाही.

याहून छोटं हवं असेल तर मराठीत शतशब्दकथा आहेच, बरोब्बर शंभर शब्द. दोन-तीन मित्रमैत्रिणींचा ग्रुप करा, एकाने एक वस्तू सांगायची, एक तास, आणि सगळ्यांनी एकाच वेळी पाठवायचं. महिनाभर आठवड्याला एकदा हे केलं की ४८ तासवाल्याची भीती जाते.

नंतर काय

महिन्याचा खर्डा संपला की तीन आठवडे तरी उघडू नका. मग प्रिंट काढा, स्क्रीनवर नको, आणि पेन न घेता एका बैठकीत वाचा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहा, या प्रसंगात काय बदललं. ज्या प्रसंगात काहीच बदललं नाही तो काढायचा किंवा दुसऱ्यात मिसळायचा. ३६,००० चे २५,००० होतील, त्याने घाबरू नका, वाढवायचं काम त्यानंतर आहे.

आणि मे-जूनचा फायदा म्हणाले होते तो हा. बरेच दिवाळी अंक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात. मे महिन्यात कादंबरीचा खर्डा झाला तर त्यातला एखादा स्वतंत्र उभा राहू शकणारा भाग जूनमध्ये कथा म्हणून घडवता येतो, किंवा ४८ तासांच्या चॅलेंजची कथा मराठीत लिहिली असेल तर ती महिनाभर ठेवून, हजार शब्दांची अट नसल्यामुळे जरा मोकळी करून पाठवता येते. फक्त एक काळजी घ्या, अंकांना साधारणपणे अप्रकाशित साहित्य लागतं, त्यामुळे जी कथा पाठवायची आहे ती चॅलेंज संपल्याच्या आनंदात लगेच स्वतःच्या वॉलवर टाकू नका. टाकायची असेल तर दुसरी टाका, आणि कोणती कथा कुठे, कोणत्या तारखेला पाठवली याची एक साधी यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा, कारण एकच कथा दोन अंकांना गेली आणि दोघांनीही घेतली तर संपादकाला फोन करून नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येते.